डावीकडची खुर्ची

१

भीतीची गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गावात कोणी नाही. मी सुरुवात केली की ऐकणाऱ्याचे दात वाजायला लागतात. माझे वाजत नाहीत, पण त्याचं कारण एवढंच की ते मी वाटीत काढून ठेवलेले असतात. आणि ही गोष्ट कळल्यापासून मी दुपारी एकटा झोपत नाही, मांजराला शेजारी घेतो. मांजर नाराज असतं. तेव्हा फुशारकी पुरे.

गोष्ट धाकट्याची आहे. त्याला नाव होतं, चांगलं बाप्तिस्म्याचं नाव होतं, पण ते कोणी वापरून जुनं केलं नाही. घरी धाकटा, मंडळीत धाकटा, शाळेत मास्तरही विचारायचे, "तू त्याचा धाकटा ना रे?" 'त्याचा' म्हणजे दादाचा.

दादा प्रार्थनेला उभा राहिला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. धाकटा उभा राहिला की त्याच बायका पदर सावरून चपला कुठे काढल्यात ते आठवायच्या. एकदा पाळकसाहेबांनी मोठ्या मनानं त्याला शेवटची प्रार्थना करायला सांगितली, तर दोन माणसं घोरायला लागली. त्यातले एक पाळकसाहेब. दादाचा आवाज, दादाचं पाठांतर, दादाचं ते मान किंचित कलती करून ऐकणं. धाकट्यानं आरशासमोर मान कलती करून पाहिली होती. मान अवघडल्यासारखी दिसली.

आणि वाईट म्हणजे दादा स्वभावानंही चांगला होता. मोठा भाऊ जरा दुष्ट असता तर धाकट्याला केवढा आधार झाला असता.

लहानपणी बाबा जेवणाआधीची प्रार्थना फार लांबवायचे. सगळ्यांनी हातात हात धरून, डोळे मिटून बसायचं. धाकटा हमखास पेंगायचा. दादा त्याच्या डावीकडे बसायचा आणि 'आमेन'च्या अगदी आधी त्याच्या तळव्यावर अंगठा दोनदा दाबायचा. धाकटा दचकून असं खणखणीत 'आमेन' म्हणायचा की बाबा म्हणायचे, "बघा, लहान आहे पण लक्ष आहे." बाबा गेले, त्यांची खिडकीजवळची खुर्ची दादाकडे आली, पण प्रार्थना कुठे संपते हे धाकट्याला त्या अंगठ्याशिवाय कधी कळलंच नाही.

मिशनतर्फे वर्षभर परदेशी जायला मंडळीनं निवडलं ते अर्थात दादाला. आईनं त्याच्या मापाचा जाड कोट शिवून घेतला. मग डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, जिना चढायचा तोही बसत बसत. तिकीट निघालेलं, कोट शिवलेला. कोणीतरी म्हणालं, "मग धाकटा आहेच की."

आहेच की! चांगली पोळी संपल्यावर शिळी पुढे करतात तसं. पण धाकटा गेला. कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत यायच्या, त्या दुमडून गेला. दारात आई रडली. त्याला बरं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की ती दादाकडे बघून रडतेय, "बिचाऱ्याचं जायचं राहिलं गं बाई."

विमानात बसल्यावर मात्र त्यानं पाय ताणले. जगात एक तरी गाव असं असेल जिथे दादाला कोणी ओळखत नाही.

२

ते गाव सगळं चढउतारांचं. रस्ते कमी आणि दगडी पायऱ्या जास्त. घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. मिशनचा हॉल एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता, आणि तिथला सगळा कारभार मिशनबाईंच्या हातात. बाई देहानं भरभक्कम आणि बोलण्यात त्याहून. धाकटा तिकडची भाषा शिकून गेला होता, पण बाईंचं बोलणं कळायला भाषा लागत नव्हती. नुसतं मागे सरकून उभं राहावं लागायचं.

काम असं: दुपारी आजारी, एकट्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, बसायचं, त्यांचं ऐकायचं, हात धरून प्रार्थना करायची आणि निघायचं.

"जोडीनं जायचं असतं," बाई म्हणाल्या. "एकट्यानं नाही. हा नियम आहे. पण तुझ्या जोडीदाराचे कागद अडकलेत. तोवर तू एकटा जा."

"चालेल," धाकटा म्हणाला. त्याला मनातून गुदगुल्या झाल्या.

"लोक दोन खुर्च्या मांडतील. त्यांना सवय आहे. एक रिकामी राहील, राहू दे. ती उचलायला सांगू नकोस, लोकांना वाईट वाटतं."

पहिलं घर टोपीवाल्या आजींचं. सगळ्यांत वरच्या पायऱ्यांवर, चढाच्या टोकाला. आजी दिवसभर लोकरीच्या टोप्या विणायच्या, आणि डोकी कमी पडली म्हणून की काय, घरातल्या किटलीला, दिव्याला, दाराच्या मुठीलासुद्धा टोपी होती. खिडकीकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटा उजवीकडच्या खुर्चीवर बसला. डावीकडची जरा जास्त मऊ होती, पण त्याला सवयीनं उजवीकडेच बसवलं.

"दोघं आलात, बरं झालं," आजी म्हणाल्या.

"मी एकटाच आलोय आजी. जोडीदार मागून येणार आहे."

"हो हो," त्या म्हणाल्या. पोराला बाहुलीचा ताप उतरला म्हणून सांगतात, तसं.

मग त्या बोलत सुटल्या. नवरा, मुलगी, गुडघे, शेजारीण. धाकटा मान हलवत होता. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण उगाचच हलवतोय, कारण आजी डावीकडच्या खुर्चीशी बोलत होत्या. मधेच थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या आणि हसायच्या. त्यांची नजर अधू असेल, असं त्यानं ठरवलं. एका डोळ्यात मोतीबिंदू असला की माणसाला सगळं जरा डावीकडे दिसत असेल. डॉक्टरकीचा त्याचा अभ्यास इथेच संपत होता.

निघताना त्यानं आपला पाण्याचा पेला स्टुलावर ठेवला. शेजारी दुसरा होता. तो येताना काठोकाठ भरलेला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण सांडेल म्हणून त्यानं पाय आखडून घेतले होते. आता त्यात तळाशी घोटभर उरलं होतं.

उन्हाळा आहे, तो स्वतःशी म्हणाला. पाणी आटतं.

आणि अंगातला जाड कोट सावरत पायऱ्या उतरला.

३

एखाद्यानं घाबरायचं ठरवलं तर कारणं पुष्कळ सापडतात. न घाबरायचं ठरवलं तर त्याहून जास्त. धाकट्यानं दुसरी वाट धरली. पायऱ्यांवर मागून अर्ध्या पावलाच्या अंतरानं बूट करकरायचा. दगड तापले की आवाज करतात. घराघरांतून लोक दार उघडून त्याच्या खांद्यामागे बघत हसायचे. परक्या देशात लोक असेच हसत असतील. एका घरच्या पोरीनं त्याला सोडून त्याच्या शेजारच्या हवेला 'पुन्हा या' म्हटलं. पोरगी चावट होती.

मग शिंप्याचं घर आलं.

शिंपी पाठदुखीनं अंथरुणाला खिळलेला, त्याची बायको आत काहीतरी धूत असलेली. अंथरुणाजवळ दोन खुर्च्या. शिंप्यानं आधी धाकट्याला नखशिखांत न्याहाळलं. धंदाच तो, माणूस नंतर दिसतो, आधी शिवण दिसते.

"हात द्या," शिंपी म्हणाला. "बायको येईल, आपण सुरू करू."

धाकट्यानं उजव्या हातानं शिंप्याचा हात धरला आणि डोळे मिटले. पावलं वाजली. डावीकडची खुर्ची जराशी करकरली. त्याच्या डाव्या हातात एक हात आला. आली वाटतं बायको, त्याला वाटलं, आणि तो सुरू झाला.

त्या दिवशी प्रार्थना बरी झाली. शब्द कुठूनसे येत होते. तो पाठीसाठी बोलला, हातांसाठी बोलला, बंद पडलेल्या शिलाई यंत्रासाठीही बोलला. शिंपी हुंदका देतोय हे ऐकून त्याच्या छातीत कढत काहीतरी भरून आलं. आपण रडवलं! आपण! आता कुठे थांबावं हे त्याला नेहमीसारखंच कळत नव्हतं, आणि तेवढ्यात डाव्या तळव्यावर अंगठा दाबला गेला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"आमेन!" धाकटा खणखणीत ओरडला. पाच वर्षांच्या पोरासारखा.

डोळे उघडले. डावा हात मांडीवर उताणा पडला होता. खुर्ची रिकामी. आणि आतल्या दारातून शिंप्याची बायको, कोपरापर्यंत साबणाचा फेस, घाईघाईनं येत होती.

"झालीसुद्धा? अहो, जरा थांबायचं तरी माझ्यासाठी."

धाकट्यानं आधी तिच्या फेसाळ हातांकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. तेवढ्यात शिंपी डोळे पुसत म्हणाला, "काय आवाज आहे हो तुमच्या भावाचा. अंगावर काटा आला."

आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चपला टाकून पळालो असतो. धाकटा पळाला नाही. त्याला पहिल्यांदा भीती वाटलीच नाही, हीच तर गंमत. त्याला पहिल्यांदा वाटलं, इथेही?

"तो कोट त्यांचाच ना?" शिंपी पुढे म्हणाला. "मघाशीच बघितलं. तुम्हाला आखडून देणार होतो बाह्या. पण मग त्यांना कशा पुरतील? त्यांना कसा अगदी मापात बसलाय."

४

त्या संध्याकाळी त्यानं घरी व्हिडिओ लावला. आईला फोन धरता येत नाही. तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या कपाळाशी आणि छतावरच्या पंख्याशी बोलायचं.

"दादा कसा आहे?" त्यानं विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"आधी माझं विचार की! मी काय पाहुणी आहे?"

"तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय. दादाचंच जरा लक्षण बरं नाही." पंखा हलला, कपाळ जवळ आलं, आवाज खाली गेला. "दुपारी जेवला की बाबांच्या खुर्चीत बसतो आणि झोपतो. झोपतो म्हणजे काय, भुईत गाडल्यासारखा. हाक मारा, हलवा, काही नाही. उन्हं उतरली की उठतो आणि पाय चेपत बसतो. मी म्हटलं, कुठे गेला होतास रे स्वप्नात? तर म्हणतो, 'चढ फार आहे गं आई.'"

"चढ?"

"आता आपल्याकडे कुठला आलाय चढ? रस्त्यावर लिंबू ठेवलं तरी गडगडणार नाही."

धाकट्यानं आपण पत्रात, फोनवर, कधी चढाबद्दल बोललो का ते आठवून पाहिलं. बोललो असू. नक्कीच बोललो असू. माणूस चढाच्या गावात राहतो आणि चढाबद्दल बोलत नाही, असं कसं होईल?

"परवा दुपारी मी चित्र काढून ठेवलंय त्याचं," आई म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायला. थांब, तुला धाडते."

आईचं ते 'चित्र' म्हणजे हलतं निघालं. कुठलं बटण दाबलं गेलं ते तिलाही ठाऊक नसणार. खिडकीजवळची खुर्ची, मान किंचित कलती करून झोपलेला दादा, गुडघ्यांवर शाल. चेहरा शांत. धाकट्याला आधी राग आला: झोपेतसुद्धा हा छान दिसतो. मग त्याची नजर शालीवर गेली.

शालीखाली पाय हलत होते. एक, मग दुसरा. गुडघा वर यायचा, खाली जायचा. जसा पायऱ्या चढताना येतो.

त्यानं ते एकदाच पाहिलं. मग फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. झडप मिटत नाही अशा माणसाला इतका चढ झेपतो कसा, हा विचार त्याला आला नाही असं नाही. आला. पण त्याच्यावर आधीच एक मोठा विचार येऊन बसला होता: शिंपी कोणाच्या शब्दांनी रडला?

५

आता जळफळाटाचं कसं असतं, की तो सुरू झाला की माणूस इतर सगळं सोडून तेवढंच नीट बघायला लागतो. धाकट्याला दिसायला लागलं की प्रत्येक घरी डावीकडची खुर्ची जास्त चांगली असते. तिच्यावर उशी असते. टोपीवाल्या आजींनी दोन टोप्या विणल्या. त्याची राखाडी, दुसरी निळी. निळी काय सुंदर होती! ती त्यांनी डाव्या खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि म्हणाल्या, "त्यांना शोभेल."

"आजी, इथे दुसरं कोणी नाही," तो जरा तोडून बोलला.

"तुमचं काही भांडण झालंय का रे?" आजींनी विचारलं.

हॉलवर मिशनबाईंनी तर कहर केला. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमचे हे दोन भाऊ कमाल करतायत."

"दोन?" धाकटा म्हणाला. "बाई, जोडीदार आलाय कुठे अजून?"

बाई गडबडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच गडबडल्या असतील. "अरे हो की. कोण बरं म्हणालं मला... लोकच सांगतात. तू आणि तो उंच मुलगा." मग त्यांनी त्याच्या डाव्या खांद्याच्या वर, हवेत, एक नजर टाकली आणि झटकन कागद आवरायला लागल्या.

त्यानंतर धाकटा खुर्च्या उचलायला लागला. नको म्हणून सांगितलेलं होतं तरी. कुठल्याही घरात शिरला की पहिलं काम, डावीकडची खुर्ची भिंतीला लावायची. तर लोक नाराज व्हायचे, आणि प्रार्थनेच्या वेळी हात यायचा तो यायचाच. फक्त आता उभ्यानं आल्यासारखा, वरून यायचा. थकलेला. ओलसर.

तो हात त्यानं एकदाही सोडवून घेतला नाही, हेही सांगितलं पाहिजे. घेतला असता तर 'आमेन' कुठे म्हणायचं?

६

ज्या दुपारी ते झालं त्या दुपारी त्याला टोपीवाल्या आजींकडे जायचं होतं. वर जायला दोन वाटा होत्या. एक वळणावळणाची, सावलीची, मधे मधे बसायला कट्टे. दुसरी जवळची, उभ्या पायऱ्यांची.

तो फाट्यावर थांबला. मागे करकरणारा बूटही थांबला. आणि त्याला मागून श्वास ऐकू आला. बाबांच्या खुर्चीत बसून जो श्वास दादा टाकायचा, प्रत्येक वाक्यानंतर एक छोटा, अडखळलेला, तोच.

धाकट्यानं उभी वाट धरली.

मुद्दाम धरली. उगाच लपवाछपवी नको.

आधी तो नेहमीच्या चालीनं चढला. मग भरभर. मग कोट वर खोचून जवळजवळ धावतच. मागून करकर येत होती, मागे पडत होती, पुन्हा गाठत होती. श्वास शिट्टीसारखा व्हायला लागला. ये की, धाकटा मनात म्हणत होता, तुला सगळं येतं ना? मग हेही जमव. दोन्ही बाजूंना बंद दारं, वाळत टाकलेल्या चादरी, पांढरं ऊन. कुणाच्या तरी घरात भांडं पडलं. चादर हलली. शिट्टी थांबली.

तो वर पोहोचला होता. त्याची स्वतःचीही छाती भात्यासारखी चालली होती. त्यानं वळून पाहिलं.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं. फक्त खाली, दुसऱ्या वळणापाशी, जिथे भिंतीचा कोपरा वाट झाकतो, तिथे लोखंडी कठड्यावर एक हात होता. कोपऱ्यामागून आलेला, कठडा गच्च धरलेला. हातावर कोटाची बाही. धाकट्याच्याच अंगात होता त्या कोटाची, तोच रंग, तीच आईनं लावून घेतलेली तपकिरी गुंडी. फक्त ती बाही बरोबर मनगटाशी संपत होती.

हाताची बोटं एकेक करून सुटली.

धाकटा आजींच्या घरात शिरला आणि दार लावून घेतलं.

"ते कुठायत?" आजींनी विचारलं.

"आज येणार नाहीत."

"दमले असतील. फार चालवतोस तू त्यांना." त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं. "बरं, कर प्रार्थना."

धाकट्यानं त्यांचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, म्हणजे डावीकडे जागाच उरायला नको. डोळे मिटले. आज सगळं आपलं. आपला आवाज, आपले शब्द. तो गुडघ्यांसाठी बोलला, मुलीसाठी बोलला, शेजारणीसाठी बोलला. मग पुन्हा गुडघ्यांसाठी. मग उन्हासाठी, भिंतींसाठी, किटलीच्या टोपीसाठी. थांबायचं कुठे? वाक्य संपत आलं की त्याचा तळवा वाट बघायचा आणि पुढचं वाक्य सुरू व्हायचं. त्याच्या तोंडाला कोरड पडली. जीभ टाळ्याला चिकटली तरी ती चालूच. आपल्याला आता कधीच थांबता येणार नाही, हे त्याला अगदी शांतपणे कळलं, आणि कळूनही तो बोलतच राहिला.

शेवटी आजींनीच आपले हात सोडवून घेतले.

"पुरे रे बाळा," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "जा. आधी त्यांना घेऊन ये. उन्हात बसलेत ते."

७

तो पायऱ्या उतरला. कोपऱ्यापाशी कोणी नव्हतं. कठडा तापलेला, पण एका जागी, हाताच्या पंज्याएवढ्या जागी, थंडगार होता.

तो पायरीवर बसला. भर दुपारी, भर रस्त्यात, डोळे मिटून त्यानं डावा हात बाजूला धरला. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटलं असेल, पोरगा भीक मागतोय. चुकलं नसतं फारसं.

बराच वेळ काही झालं नाही. मग हात आला. हलका, घामानं भिजलेला, एखाद्या आजाऱ्याचा असतो तसा. त्यात राग नव्हता. एवढं पळवलं, एवढं तडफडवलं, तरी राग नव्हता! धाकट्याला त्याही वेळी वाटून गेलं, हेसुद्धा यालाच जमावं. आपल्याला नसतं जमलं.

"दादा," तो पुटपुटला, "घरी जा."

हात तसाच राहिला. वाट बघत असल्यासारखा.

तेव्हा धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपला अंगठा त्या तळव्यावर दाबला. एकदा, आणि पुन्हा एकदा. "आमेन," तो म्हणाला. हळू म्हणाला, खणखणीत नाही.

तळव्याखाली नुसती हवा उरली.

डोळे उघडून त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. पंखा आला, कपाळ आलं, आईचं रडणं आणि हसणं एकदमच आलं.

"अरे, काय सांगू तुला! आज मला वाटलं, संपलं सगळं. ओठ निळे पडले, शिट्टीसारखा श्वास. डॉक्टरांना बोलवायला मी चप्पलसुद्धा न घालता पळत होते, आणि हा आपला आत्ता, आत्ताच, डोळे उघडून म्हणतो काय, 'पाणी दे.' दोन तांबे प्यायला!"

धाकट्यानं डोळे पुसले. खरंच पुसले. "दे त्याला," तो म्हणाला.

फोन हिंदकळला. खिडकी, शाल, मग दादाचा चेहरा. घामानं डबडबलेला, ओठांवर अजून निळसर छटा, पण जागा. मान किंचित कलती. फक्त तो फोनकडे बघत नव्हता. फोनच्या वरून, समोर, दाराकडे बघत होता.

"फोनकडे बघ ना रे," मागून आई म्हणाली. "दारात कोण आहे एवढं?"

दादानं शालीच्या टोकानं कपाळ पुसलं.

"दादा, ऐक," धाकटा म्हणाला. बोलताना त्याला आपला आवाज मोठा झाल्यासारखा वाटला, थोरल्या भावाचा असतो तसा, आणि ते त्याला आवडलंही. "झालं ते झालं. पण यापुढे तू इकडे यायचं नाहीस. मला गरज नाही. माझं मी बघतो. कळलं? येऊ नकोस."

दादानं एक अडखळता श्वास घेतला. मग दारावरची नजर न काढताच तो हसला. दमलेलं, जरासं वैतागलेलं हसू.

"मी येतो होय रे? रोज जेवून जरा पाठ टेकली की त्या दारात येऊन उभा कोण राहतो? माझाच कोट, बाह्या लोंबतायत, हात पुढे केलेला, आणि पोरासारखी एकच भुणभुण: 'चल ना दादा, मला संपवता येत नाही.' आत्ताही उभाच आहे. मला काय सांगतोस येऊ नकोस म्हणून? त्याला सांग."